आप्पांच्या आवाजाचा पत्ता

बऱ्हाणपूरच्या राजपुऱ्यात कुणालाही विचारा निर्मला कशी आहे, तर कामाला चोख आणि तोंडाला तिखट, एवढंच सांगतील. खोटं नाही ते. लग्नपत्रिका जुळवायचं काम मी घरातच करते, आणि पत्रिका छपाईला गेल्यावर कुणी 'ताई, नवरदेवाच्या मामांचं नाव राहिलं' म्हणत आलं, की मी दारातूनच विचारते, मामा काल जन्मला का? माझी आई मथुरा म्हणते, या तोंडापायीच तुझं कुठे जमलं नाही. नसेल जमलं. पण याच भांडखोरपणाने एकदा आमच्या घरातली एक गोष्ट वाचवली, आणि तेव्हापासून आईनेही मला टोकणं जरा कमी केलं आहे.

बऱ्हाणपूर अजून खंडवा जिल्ह्यात होतं तेव्हाची गोष्ट. घरात कम्प्युटर असलेली माणसं गावात बोटांवर मोजावीत इतकीच होती, आणि त्यांतली एक मी होते.

माझे वडील चुडामण, त्यांना आम्ही आप्पा म्हणतो, पॉवरलूमच्या शेडवर जॉबर होते. माग बिघडला की तो दुरुस्त करायचा आणि कारागिरांवर नजर ठेवायची, हे जॉबरचं काम. माग सुरू झाले की शेडमध्ये शेजारच्याचं बोलणं ऐकू येत नाही, आप्पांचं मात्र पार टोकाला ऐकू जाई. खंडेनवमीला तर गल्लीसुद्धा ऐकायची. दसऱ्याच्या आदल्या दिवशी सगळेच आपापल्या हत्यारांची पूजा करतात, त्या दिवशी हत्यार चालवत नाहीत. पण आप्पांना नुसती कळ बंद करून चालत नसे. मोटरीचा पट्टा मागावरून उतरवायचा, माग खरोखर मोकळा करायचा, आणि मगच त्याला हळद-कुंकू. 'उतरवा रे पट्टे! लोखंडालाही अंग असतं!' अशी त्यांची आरोळी उठली की आम्हाला कळायचं, आज आप्पा दुपारी जेवायला घरी.

मग त्यांच्या गळ्यात गाठ निघाली. तंबाखू आणि शेडमधली रुई, दोघांनी मिळून केलेलं काम ते. इंदूरच्या डॉक्टरांनी सरळ सांगितलं की स्वरयंत्र काढावं लागेल, जीव राहील पण आवाज जाईल. आई तिथे दवाखान्यात रडली नाही, घरी येऊन पिठाच्या डब्यात हात घालून रडली.

आवाज जाणारच आहे तर तो धरून ठेवू, असं मला वाटलं. आधी टेपवर घेतला होता, तर आमच्या म्हाताऱ्या टेपरेकॉर्डरने ती फीतच चावून टाकली. म्हणून ऑपरेशनला निघायच्या आदल्या दिवशी मी कम्प्युटरला माइक लावला आणि आप्पांना पुढ्यात बसवलं. काय बोलू, काय बोलू करत ते थोडं बोलले. ती फाईल फ्लॉपीत मावेना इतकी मोठी झाली. दुसरीकडे कुठे ठेवायची सोय गावात नव्हती, म्हणून ती तेवढी एकाच ठिकाणी, माझ्या कम्प्युटरच्या डिस्कवर राहिली.

आप्पा वाचले. गळ्याला भोक आणि हातात पाटी, असे घरी आले. लागेल ते पाटीवर लिहायचे, आम्ही वाचलं की बाहीने पुसायचे. आणि आईने, जिला फोन उचलायचीही भीती वाटायची, तिने माउस चालवायला शिकून घेतलं, तेही एका कामापुरतं. रोज सकाळी चहा झाला की ती खुर्चीवर पदर सावरून बसायची आणि आप्पांच्या नावाची फाईल लावायची. आवाज सुरू झाला की आप्पा चपला घालून बाहेर. तापीच्या राजघाटावर जाऊन बसायचे आणि उन्हं तापली की परत यायचे. आपलाच आवाज त्यांनी कधी पुरता ऐकला नाही. मी म्हणायचे, सोसत नसेल त्यांना. आई दुसऱ्या दिवशी पुन्हा लावायची.

त्या वर्षी खंडेनवमीला मी कम्प्युटर पुसला, त्याच्या कपाटाला, म्हणजे कॅबिनेटला, हळद-कुंकू लावलं, वर झेंडूचं फूल ठेवलं आणि आप्पांना सांगितलं, हा घ्या तुमचा माग, बंद केला. मग आई अन् मी एसटीने इच्छापूरला देवीच्या दर्शनाला गेलो. मागे कधीतरी आप्पांनी मला पाटीवर विचारलं होतं की वीज गेली तरी या यंत्राला वेळ कसा कळतो. मी सांगितलं होतं, आत रुपयाएवढा एक सेल असतो, त्यावर आतलं घड्याळ रात्रंदिवस चालतं. ते मी विसरून गेले होते. जॉबर कसला विसरतो?

संध्याकाळी परत येऊन पाहते तर देवापुढच्या ताटात पान्हे, स्क्रू ड्रायव्हर, आईची विळी, आणि त्यांच्या मधोमध तो सेल. त्यालाही हळद-कुंकू, त्यालाही फूल. कपाटाचे स्क्रू वाटीत नीट ठेवलेले. आप्पा माझ्याकडे असे बघत होते, जणू माझं राहिलेलं काम त्यांनी पुरं केलं होतं. मला हसूच आलं. सेलच तर आहे, उद्या बसवू, असं म्हणून मी स्वयंपाकाला लागले.

दसऱ्याला सकाळी सेल बसवला आणि कळ दाबली. यंत्राला दसरा आहे याचा पत्ताच नव्हता, ते कुठल्यातरी जुन्या सालातली एक जानेवारी दाखवत होतं. त्याला डिस्कसुद्धा आठवेना, आपल्या पोटात डिस्क आहे हेच ते विसरलं होतं. तो सेल नुसतं घड्याळ चालवत नाही, घरातलं काय काय कुठे आहे हेही तोच लक्षात ठेवतो, ही गोष्ट मी आप्पांना सांगितली नव्हती. खरं तर मलाच ती धड माहीत नव्हती.

मी गोटूला बोलावणं धाडलं. गोटू टीव्ही दुरुस्त करता करता कम्प्युटरकडे वळलेला, हाताचा हुशार आणि स्वभावाने गरीब मुलगा. त्याने आल्या आल्या यंत्रातल्या मुख्य बोर्डाच्या सेटिंगमध्ये जाऊन डिस्क आपोआप ओळखायचा हुकूम दिला. बोर्डाने डिस्कला विचारलं, डिस्कने आपले आकडे सांगितले, पडद्यावर तीन ओळी आल्या, आणि त्यांतली बोर्डाने स्वतःहून पुढे केलेली दुसरी ओळ गोटूने मान्य केली. डिस्क सापडली. मी सुटकेचा श्वास टाकला, पण तो फार टिकला नाही.

गोटूने आपल्या फ्लॉपीवरून यंत्र चालू केलं, तर फाइलींची नावं सगळी जिथल्या तिथे दिसत होती. आप्पांची फाईल होती, पत्रिका होत्या. पण विंडोज काही सुरू होईना. गोटूने एक पत्रिका उघडून पाहिली तर आत नवरा ना नवरी, नुसती हसरी तोंडं आणि पत्त्यांतले इस्पिक-बदाम, असली अर्थ नसलेली चिन्हं. दुसरी उघडली, तेच. गोटूने मान हलवली.

तो म्हणाला, "ताई, डिस्क गई. आतलं सगळं सडलंय. फॉर्मॅट मारतो, नव्यासारखी होईल."

आईने त्याला विचारलं की बाबा रे, आप्पांचा आवाज तेवढा बाजूला काढून ठेवता येईल का, बाकीचं पुसलं तरी चालेल. पोळ्या लाटताना शेवटचा उंडा झाकून ठेवावा तितक्या सहज तिने ते विचारलं. आणि मग माझा तोल गेला. आप्पा दारातच पाटी घेऊन उभे होते, त्यांच्यावरच मी उसळले.

"खरं सांगा आप्पा, तुम्हाला तो आवाज घरात नकोच होता ना? म्हणून सेल काढला ना?"

आप्पांनी खडू पाटीवर टेकवला, पण लिहिलं काही नाही. कोरीच पाटी त्यांनी बाहीने पुसली आणि ते बाहेर ओट्यावर जाऊन बसले. आई मला एवढंच म्हणाली की ज्याला उलटून बोलता येत नाही त्याच्यावर ओरडलीस तू. ते मला लागलं. पण राग उतरायला मला वेळ लागतो, त्यामुळे मी गोटूला म्हटलं, कर बाबा काय करायचं ते, तुळशीच्या लग्नानंतरच्या पत्रिका अंगावर आहेत माझ्या.

मी भिंतीकडे तोंड करून बसणार होते. पण माझ्या यंत्राला दुसऱ्याचा हात लागला की माझी नजर तिकडून हलत नाही, ही माझी खोड. गोटूने पुसायच्या आधीचा पडदा काढला होता. तिथे एका ओळीत डिस्कचा आजवर वापरलेला जुना भाग लिहिला होता, पाचशे चार एमबी. आणि खाली एकूण डिस्क किती, तर आठशेच्या वर. पुसायचं का, असं यंत्र विचारत होतं आणि गोटूचं बोट कळीवर गेलं होतं.

मी त्याचं मनगट धरलं. त्याला म्हटलं, थांब, हे आठशे कुठून आले?

गोटूला वाटलं, माझं डोकं फिरलं. तो म्हणाला, ताई, डिस्कच साडेआठशेची आहे, खोक्यावर लिहिलंय. ते मला काय सांगतो! त्या साडेआठशेवरून मी इंदूरच्या दुकानदाराशी महिनाभर भांडले होते. एसटीडी बूथवर मीटर पळत होता आणि मी फोनवर ओरडत होते, साडेआठशे म्हणून विकलीत आणि घरी आणून बघते तर पाचशे चार, नाव सोनूबाई हाती कथलाचा वाळा! शेवटी तो वैतागून म्हणाला होता की मॅडम, लावणाऱ्या पोराने जुन्या गिनतीवर लावली आहे, आता गिनती बदलायची तर आतलं सगळं पुसून नव्याने भरावं लागेल, पाचशे तरी तुमचे कधी भरणार आहेत? तोवर त्यावर माझं काम चढलं होतं. मी चरफडत फोन ठेवला होता. पण भांडणातला शब्द न शब्द मला पाठ राहतो, त्याला कुठल्या सेलची गरज लागत नाही.

म्हणजे ही डिस्क आजवर पाचशेच मोजत होती, आणि आज सकाळपासून आठशे मोजायला लागली. डिस्क तीच होती, मोजणारा बदलला होता. मी तशीच मोठ्याने बोलत सुटले आणि गोटू तोंड उघडं टाकून ऐकत राहिला. त्याला आकडे माझ्यापेक्षा चांगले कळत होते, भांडण मात्र माझ्याकडे होतं. दोघांनी मिळून कोडं सोडवलं ते असं.

डिस्कच्या पोटात चकत्या असतात आणि माहिती त्यांच्यावर गोल गोल रांगांनी लिहिलेली असते. एखादा तुकडा कुठे आहे हे सांगायला तीन आकडे लागतात: रांग कितवी, चकतीची बाजू कितवी, आणि त्या रांगेतला तुकडा कितवा. बोर्ड विचारतो, डिस्क सांगते. आता गंमत बघा, डिस्क सांगते तेही खरं नसतं. सोळा बाजू सांगते, पण गोटूने एक मेलेली डिस्क उघडून पाहिली होती, आत दोनच चकत्या निघाल्या. ती आपल्या सोयीने सांगते, बोर्ड आपल्या सोयीने त्याचा गुणाकार-भागाकार करतो, आणि दोघांचं एकदा जमलं की त्यांचा संसार सुखाचा. खरं किती हे कुणी विचारत नाही. लिहिताना जे धरलं तेच वाचताना धरलं पाहिजे, एवढंच.

पोस्टमनला सांगितलं की एका गल्लीत सोळा घरं धर, आणि तिसऱ्या गल्लीतल्या पाचव्या घरात पत्र टाक. त्याने टाकलं. पुढे नवा पोस्टमन आला, तो एका गल्लीत बत्तीस घरं धरतो. त्याला तेच पत्र आणायला तिसऱ्या गल्लीतल्या पाचव्या घरी पाठवलं, तर तो भलत्याच दारात उभा राहणार आणि हाताला लागेल ते उचलून आणणार. घरं हलली नाहीत, पत्रही हललं नाही. आमचा बोर्डही असाच, आजवर सोळा बाजू धरायचा, आणि गोटूने मान्य केलेल्या दुसऱ्या ओळीने बत्तीस धरायला लागला. पहिल्या गल्लीतली पहिली सोळा घरं तेवढी दोघांचीही तीच. आमच्या फाइलींची नावं नेमकी त्या घरांत होती, म्हणून ती दिसत होती, आणि आतला माल पुढच्या गल्ल्यांत होता, म्हणून इस्पिक-बदाम निघत होते.

आणि आम्ही काय करायला निघालो होतो, तर पोस्टमन चुकला म्हणून सगळं गाव पाडायला!

गोटूने यंत्र बंद करून पुन्हा सुरू केलं आणि सेटिंगमधल्या त्या तीन ओळींवर आला. दुसरीच्या जागी पहिली घे, मी म्हटलं. तो अडखळला. तीत बाजू सोळाच राहतात, पुन्हा पाचशेच मिळतील, वरचे तीनशे कायमचे वाया, नुकसान आहे, असं त्याचं म्हणणं पडलं.

"मला नुकसानच पाहिजे," मी म्हटलं.

त्याने पहिली ओळ घेतली. यंत्र पुन्हा उठलं, आणि विंडोजचं चित्र असं काही समोर आलं, जणू मधे काही घडलंच नव्हतं. पत्रिका उघडल्या, नवरानवरी, मामा, सगळे जागेवर. आप्पांच्या फाइलीवर मात्र माझा हात जाईना. आईच पुढे झाली, पदर सावरून खुर्चीवर बसली आणि तिने माउस हातात घेतला.

"चालू झालं का? काय बोलू?" आप्पांचा आवाज खोलीभर झाला. "मथुरा, दारात कोण आलंय बघ. निर्मला, पंखा बंद कर, कुणी नाही त्या खोलीत." मग खोकला, आणि मी मागून काहीतरी सुचवते आहे त्याची कुजबुज. मग खुर्ची सरकल्याचा आवाज. आप्पा उभे राहिले होते तेव्हा, मला आठवलं, बसून त्यांना ओरडता यायचं नाही. "उतरवा रे पट्टे! आज कुणी हात लावायचा नाही! लोखंडालाही अंग असतं!"

तो शेवट मी कितीतरी सकाळी ऐकला होता, पोळ्या करता करता, पत्रिका जुळवता जुळवता. त्या दिवशी मात्र मी लाटणं खाली ठेवावं तसं सगळं सोडून ऐकला. हा माणूस दर नवमीला ओरडून सांगायचा की आज सोडा. या वर्षी ओरडायला त्याच्याकडे काही नव्हतं, म्हणून तो वाटी घेऊन बसला आणि त्याने स्वतःच्या हाताने स्क्रू काढले.

मी वळून पाहिलं. आप्पा आज राजघाटावर गेले नव्हते. दाराच्या चौकटीला टेकून उभे होते, तोंड गल्लीकडे आणि कान आत. मी जवळ गेले. माफी वगैरे मागायची आमच्या घरात रीत नाही, तेव्हा मी चहा टाकू का विचारलं. त्यांनी होकाराची मान डोलावली आणि पाटी मांडीवर घेऊन लिहायला बसले. जॉबरचं अक्षर, एकेक शब्द ठोकून बसवलेला.

"तुम्ही त्याला रोज कामाला लावता. एक दिवस त्यालाही सुट्टी दिली."

मी ते वाचलं आणि आईला वाचून दाखवलं. ती रडली, पण त्या दिवशी पिठाच्या डब्यापाशी गेली नाही, तिथेच सगळ्यांदेखत खुर्चीवर बसून रडली. गोटू आपली पिशवी घेऊन हळूच निघाला होता, त्याला मी परत बोलावलं आणि चहाबरोबर मावा जिलेबी खाऊ घातली. त्या बोर्डाची ती पहिली ओळ मी कागदावर लिहून कपाटाच्या आत चिकटवली, म्हणजे पुन्हा कुणाला सुट्टी द्यायची झाली तर अडायला नको.

त्यानंतर रोजचं रुळावर आलं. सकाळी आई फाईल लावायची आणि आप्पा बाहेर जायचे. फक्त ते घाटापर्यंत जायचे बंद झाले, ओट्यावरच बसायचे. भिंतीला पाठ लावून.

पुढच्या खंडेनवमीला मीच यंत्र उघडलं, सेल काढला आणि ताटात ठेवला. चहा झाला. आईची खुर्चीवर बसायची वेळ आली. ती उठली, जागेपाशी गेली, माउसवर तिने झेंडूचं फूल ठेवलं आणि परत येऊन भाजी निवडायला बसली. घरात पंख्याचा तेवढा आवाज. आप्पा सवयीने ओट्यावर जाऊन बसले होते. थोड्या वेळाने आत डोकावले, पुन्हा बाहेर गेले. मग परत आले, बंद पडद्याकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, आणि पाटी पुढे धरली.

"उद्या लवकर लाव."